छपरावरची छत्री आणि 64 केबीपीएस

मागच्या महिन्यात आमच्या हिंजवडीच्या ऑफिसबाहेर जेसीबीने खोदताना फायबर केबल तोडली. दुपारी तीनपासून अख्खा मजला हातावर हात ठेवून बसलेला. रात्री क्लायंटला बिल्ड द्यायचं होतं, म्हणून मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून कोड पुश करत होतो. वैतागलो होतो. शेजारी बसणारे आमचे एक सीनियर, पन्नाशी ओलांडलेले, हसून म्हणाले, "अरे, आमच्या वेळी अख्ख्या कंपनीला याच्यापेक्षा कमी स्पीड असायचा."

मला वाटलं, फेकतायत. घरी जाऊन वाचलं, तर फेकत नव्हते.

64 केबीपीएस म्हणजे सेकंदाला फक्त 8 किलोबाइट. आज व्हॉट्सअॅपवर येणारा 3 एमबीचा फोटो त्या लाइनवर यायला सहा मिनिटांपेक्षा जास्त लागली असती. आणि तेव्हा अशी लाइन मिळणं म्हणजे लॉटरीच.

थोडं मागे जाऊ. ऐंशीच्या दशकात भारतातून सॉफ्टवेअर निर्यात करायचं तर दोन रस्ते होते. एक, प्रोग्रामरलाच विमानात बसवून अमेरिकेला पाठवा. दोन, कोड टेपवर भरा आणि ती टेप कस्टममधून पार करून पाठवा. तारेवरून का नाही? कारण 1885 चा टेलिग्राफ कायदा. दूरसंचाराचा हक्क सरकारचा, आणि 1986 पासून परदेशी जोडणीचं काम सरकारी व्हीएसएनएलकडे. साधा फोन मिळायची मारामार होती. 1981 मध्ये आपल्या पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसला फोनसाठी वर्षभर थांबावं लागलं, हे नारायण मूर्तींनी कितीतरी वेळा सांगितलंय.

1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळूरला आली आणि तिने अमेरिकेशी थेट सॅटेलाइट लिंकच उभी केली. तिच्या डिशचं सामान बैलगाडीतून आलं, असा किस्सा आजही सांगतात. पण ती बडी कंपनी. दहा-पंधरा माणसांच्या छोट्या कंपनीने काय करायचं? स्वतःची डिश, परवानग्या, महिन्याचं भाडं, हे तिच्या बापजन्मी जमलं नसतं.

आता खरी गंमत. उपाय निघाला तोही सरकारातूनच! केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने (सचिव होते एन. विठ्ठल) 1990 मध्ये पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वरला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू केले. जून 1991 मध्ये सगळे एकाच संस्थेखाली आले, तीच एसटीपीआय. कल्पना एकदम आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखी. पार्कने एक मोठी डिश, म्हणजे आपली छत्री हो, बसवायची आणि सगळ्या कंपन्यांनी तिची क्षमता वाटून घ्यायची. ज्याला जेवढं हवं तेवढं भाडं. एका खात्याची मक्तेदारी होती आणि दुसऱ्या खात्याने तिला वळसा घातला.

डिश आली, पण ऑफिसपर्यंत सिग्नल न्यायचा कसा? रस्ता खोदून केबल टाकायला कोण परवानगी देतंय? मग मायक्रोवेव्ह रेडिओ. कंपनीच्या गच्चीवर छोटा अँटेना, तो थेट पार्कच्या टॉवरकडे तोंड करून. मध्ये उंच इमारत उभी राहिली की सिग्नल अडलाच. आमच्या जेसीबीचा तो आजोबाच म्हणा.

आणि उशीर? उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर. सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. म्हणजे टेक्सासच्या मशीनवर लॉग-इन करून तुम्ही एक अक्षर टाइप केलं, की ते तुमच्या स्क्रीनवर उमटायला किमान अर्धा सेकंद. तरी चालायचं, कारण घड्याळ आपल्या बाजूने होतं. त्यांची संध्याकाळ झाली की आपली सकाळ. ते झोपलेले असताना त्यांचं रिकामं मशीन आपण वापरायचो.

आयटी का वाढलं विचारलं की सगळे करसवलतीचं नाव घेतात. सवलत होतीच, पण माझ्या मते छत्री नसती तर सवलत कशावर घेणार होते? टेपवर?

मात्र एक गोष्ट खटकते. ही जोडणी होती निर्यात करणाऱ्यांसाठी. पार्कमधली कंपनी उपग्रहाने अमेरिकेशी बोलत होती, तेव्हा शेजारच्या गल्लीतला माणूस फोनच्या प्रतीक्षायादीत होता. सामान्यांसाठी इंटरनेट आलं 15 ऑगस्ट 1995 ला, आणि खासगी कंपन्यांना सेवा द्यायला परवानगी मिळाली 1998 मध्ये. तोवर मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या फायबर केबल पोचल्या होत्या, आणि छत्र्यांचं महत्त्व हळूहळू कमी झालं. ते अंतर अजून पूर्ण मिटलेलं नाही, बरं का. माझ्या ऑफिसात एकाला एक पर्यायी लाइन असते (त्या दिवशी दोन्ही एकाच खड्ड्यातून गेल्या होत्या, तो भाग वेगळा), आणि माझ्या गावी आई व्हिडिओ कॉल लागावा म्हणून अजून गच्चीवर जाते.

दुसऱ्या दिवशी सीनियरना विचारलं, "अर्ध्या सेकंदाचा उशीर सहन कसा व्हायचा?" म्हणाले, "सवय होते रे. अक्षर दिसायची वाट बघायचोच नाही. अख्खी कमांड आंधळेपणाने टाइप करायची, एंटर मारायचं आणि चहाला जायचं. फक्त फाइल डिलीट करायची असेल, तर मात्र खुर्चीतून हलायचो नाही."