सागवान आणि शिसमावर वॉर्निश चिकट का राहते?

सागवानी दाराला वॉर्निश लावून आठवडा उलटला, तरी बोट टेकवले की ठसा उमटतो. दोष बहुतेकदा रंगाऱ्यावर किंवा पावसाळी हवेवर जातो. दमट हवेत वॉर्निश उशिरा वाळते हे खरे, पण सागवान किंवा शिसम असेल तर आधी लाकडाकडेच पाहावे.

या लाकडांत नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. सागवान पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, त्यात या द्रव्यांचा मोठा वाटा आहे. पॉलिश करताना मात्र तीच आडवी येतात. तेलकट पृष्ठभाग थर नीट धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात. दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते. जवसाचे तेल किंवा तेलाधारित वॉर्निश नुसते सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. लाकडातली काही द्रव्ये ही क्रियाच रोखून धरतात. शिसमाच्या जातीत हा त्रास अधिक. ओल्या थरावर आणखी हात मारल्याने तो वाढतोच.

चपड्याचे, म्हणजे लाखेचे स्पिरिट पॉलिश इथे उपयोगी पडते. स्पिरिट उडाले की थर तयार, ऑक्सिजनचा प्रश्नच येत नाही. मात्र गरम कप किंवा सांडलेले पाणी यांनी त्यावर पांढरे डाग पडतात. टेबलासाठी वॉर्निशच हवे असेल, तर खाली चपड्याचा पातळ थर द्यावा. चपडा मेणविरहित घ्यावा. मेण असले तर पॉलीयुरेथेन त्यावर नीट धरत नाही.

त्याआधी लाकूड पॉलिश पेपरने ताजे घासून थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पुसावे. खिडक्या उघड्या, जवळपास आग नाही. फडक्यावर तपकिरी डाग येतील, तसे फडके बदलावे. थिनर उडताच पहिला थर द्यावा, कारण आतले तेल पुन्हा वर येते. काल पुसून आज पॉलिश, हे बिनकामाचे.

जवसाच्या तेलाचे फडके बोळा करून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवावे.

चिकट राहिलेला थर खरवडून काढून पुन्हा पुसण्यापासून सुरुवात करावी लागते. अंगणातले सागवानी बाक मात्र कोरे ठेवले तरी चालतात. उन्हापावसात ते रुपेरी करडे होतात, एवढेच.