गरोदरपण आणि रोजे : काय लक्षात ठेवावे

रमजान आला की आपल्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो : सून गरोदर आहे, तिने रोजे धरावेत का?

सूरह बकरामध्ये (आयत 184-185) आजारी आणि मुसाफिर यांना रोजा नंतर धरण्याची सवलत आहे. हदीसमध्ये गरोदर आणि दूध पाजणाऱ्या आईलाही सवलत आली आहे. राहिलेले रोजे पुढे कसे पूर्ण करायचे, ते आलिमांना विचारावे. तब्येत झेपेल का, ते आधीच डॉक्टरांना विचारावे. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त कमी असेल तर हे फारच गरजेचे.

रोजात चक्कर आली, उलट्या थांबेनात किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर रोजा सोडून लगेच दवाखाना गाठावा.

बाकीच्या दिवसांतही पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवावे आणि किमान 4 तपासण्या कराव्यात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले म्हणजे रक्त कमी. लोहाची गोळी चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये, लिंबूपाणी चालते. शौचास काळे झाले तर घाबरू नका, ते गोळीमुळेच.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके यांत सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा.

आम्ही सासूबाईंना आणि शोहरांना एवढेच सांगू : अल्लाहने दिलेली सवलत घ्यायला लाज कसली? तिला टोमणा मारू नका, सोबत तपासणीला जा.