कांडी

आमच्या इचलकरंजीत कारखाना किती मोठा हे मागांवरून ठरतं, आणि माणूसही. सोयरीक जमवताना विचारायचे, "पोरगा किती मागांवर हाय?" चारांवर असला की बरं चाललंय. आमचे आजोबा, आप्पा, चार मागांवर होते.

आप्पांच्या गोष्टी १९०४ पासून सुरू व्हायच्या. त्या साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचं पाठबळ होतं. आप्पा तेव्हा जन्मलेही नव्हते, पण सांगायचे अशा थाटात की जणू मागाचा पट्टा त्यांनीच चढवला. त्यांच्या वडिलांच्या घरात हातमागाचा खड्डा होता. पुढे तो बुजवला आणि वर चूल मांडली.

या सगळ्या इतिहासात आजी नसायची. खरं तर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात भरलेली कांडी नसेल तर माग नुसता हवेत हातपाय मारणार. लग्न होऊन आली तेव्हा ती घरीच राहाटावर कांड्या भरायची. मग कारखान्याच्या कोपऱ्यात कांडी मशीन आलं आणि एकाच वेळी अनेक चात्या फिरू लागल्या. तिथेही बसणारी तीच. साध्या मागावर कांडी जेमतेम पाच-सात मिनिटं पुरते. ती संपली की आप्पा माग थांबवत, धोटा उपसत, रिकामी कांडी टोपलीत टाकत आणि भरलेली बसवत. चार माग म्हणजे दिवसभर हेच. मागवाल्याच्या मजुरीचा करार ५२ पिकांवर, म्हणजे आडव्या धाग्यांवर व्हायचा, त्याची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत चालायची. कांडीवालीच्या मजुरीवर टपरीत कुणी चहा गार केल्याचं मला आठवत नाही.

मागावर नक्षी काढणाऱ्या डॉबीच्या लाकडी पट्ट्यांवरच्या खुंट्या आप्पांनी मला दाखवल्या होत्या: खुंटी असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. पुढे कॉम्प्युटरच्या वर्गात शून्य आणि एक शिकवले तेव्हा मला काडीचंही नवल वाटलं नाही. फ्रान्समधल्या जकार्डने १८०४ सालीच भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी चढवली होती, हे तर फार नंतर वाचलं.

१९९९ मध्ये वस्त्रोद्योगासाठी केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा योजना सुरू झाली आणि गावात रॅपियर, एअरजेट असे नवे माग येऊ लागले. मिनिटाला दीडशेच्या जागी सहाशेच्या वर पिकं. चुलतभाऊ अशाच एका शेडमध्ये लागला होता. मागावर छोटा पडदा, कुठला माग किती वेळ बंद होता ते मालकाला घरबसल्या दिसतं. आप्पा हेच कानांनी ओळखायचे. गोंगाटात एक माग गप्प झाला की जेवताना घास थांबायचा.

एकदा आजीला शेड दाखवायला नेलं. तिने पडदा पाहिला नाही, वेगही नाही. ती मागामागच्या बाजूला जाऊन काहीतरी शोधत राहिली.

"कांड्या कोण भरतंय रं?"

"कांडीच न्हाई आजी. धोटाच न्हाई. कोनावरनं सरळ सूत जातंय."

आजीने कोनावर बोट ठेवलं, सुताची ओढ पाहिली. "सूत बारीक हाय," म्हणाली, आणि पदराने बोट पुसलं.

घरी तिच्या गोधडीच्या पिशवीत दोन जुन्या लाकडी कांड्या आहेत. टाक्याचा दोरा ती अजून त्यांच्यावरच गुंडाळते.