गावाने गावासाठी घेतलेले सोंग

पॅन्टोमाइम हा शब्द आपल्याकडे मूकनाट्य या अर्थाने रूढ झाला आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीकडे पाहिले तर त्यात काही चूक नाही. परंतु इंग्लंडमधील एखाद्या खेड्यातला मनुष्य हा शब्द उच्चारतो, तेव्हा त्याच्या मनात मुकेपणाची कल्पनाही नसते. त्याला आठवतो तो नाताळाच्या सुमारास गावच्या सभागृहात उसळणारा गलबला : झगा घातलेला दांडगा पुरुष, राजपुत्राच्या वेषातली तरुणी, दोन माणसांनी एका कातड्यात शिरून साकारलेली गाय, आणि रंगपीठावरच्या दुष्टाला ओरडून दरडावणारी पोरे. यांतील नटमंडळी धंदेवाईक नसतात. दुकानदार, शाळामास्तर, परिचारिका, टपाल वाटणारा, अशी गावातलीच ती माणसे असतात. हा वार्षिक खेळ तेथील लोकांनी इतक्या निष्ठेने का जपला, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. कारण स्वप्रांताबाहेर राहून दरसाल एखादे नाटक उभे करण्याची खटपट आपणही करीत आलो आहोत.

या खेळाचा उगम खेड्यात नाही, लंडनमध्ये आहे. 1717 साली जॉन वीव्हर या नृत्यशिक्षकाने ड्रुरी लेन नाट्यगृहात मंगळ आणि व्हीनस या रोमन देवतांच्या प्रेमकथेवर शब्दाविना नृत्यनाट्य सादर केले. त्याच सुमारास जॉन रिच या नटाने इटालियन प्रहसनातील हार्लेक्विन या चपळ पात्राला लंडनमध्ये लोकप्रिय केले. त्या काळी संवादप्रधान नाटक करण्याचा अधिकार राजाची सनद लाभलेल्या मोजक्या नाट्यगृहांनाच असे. इतरांना संगीत, नृत्य आणि मूकाभिनय यांवरच भागवावे लागे. पुढे जोसेफ ग्रिमाल्डी (1778–1837) याने विदूषकाला या खेळाचा खरा नायक केले. 1806 च्या डिसेंबरात कॉव्हेंट गार्डनमध्ये रंगलेल्या 'मदर गूज'ने त्याची कीर्ती कळसास पोहोचली. त्याच्या आठवणींचे संपादन पुढे तरुण चार्ल्स डिकन्सने केले, यावरून त्याच्या लोकप्रियतेची कल्पना यावी.

1843 साली पार्लमेंटने नवा नाट्यकायदा करून सनदी नाट्यगृहांची ही मक्तेदारी मोडली आणि संवादांचा मार्ग सर्वांना मोकळा झाला. मग या खेळात कोट्या, श्लेष आणि चालू घडामोडींवरील टोमणे यांना ऊत आला. त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, हा निव्वळ योगायोग असला तरी मराठी वाचकाच्या स्मरणात राहावा असा आहे.

या खेळातील सर्वांत लाडके पात्र म्हणजे पुरुषाने वठविलेली प्रौढ बाई, तेथील भाषेत 'डेम'. 1861 साली हेन्री बायरनने 'अल्लाउद्दीन' लिहिताना नायकाच्या आईला ट्वँकी हे नाव एका स्वस्त चिनी चहावरून दिले, आणि ते आजतागायत टिकले. डॅन लेनो हा नट 1888 साली ड्रुरी लेनवर आला आणि 1904 मध्ये निधन पावेपर्यंत या भूमिकांचा अनभिषिक्त राजा ठरला. 1888 हे आपल्या बालगंधर्वांचे जन्मवर्ष. दोघांनीही स्त्रीवेष घेतला, परंतु दोन्हींचा धर्म वेगळा. बालगंधर्वांच्या भूमिकेत पुरुष विसरला जावा हे इष्ट होते; डेमच्या भूमिकेत तो क्षणभरही विसरला जाऊ नये, हीच सारी गंमत. आपल्याकडे तिची बहीण शोधायची तर संगीत रंगभूमीवर न शोधता तमाशाच्या गौळणीत शोधावी. तेथील 'मावशी' आणि ही डेम यांना एकमेकींची ओळख करून द्यावी लागणार नाही.

ऑगस्टस हॅरिसने 1879 साली ड्रुरी लेनचा कारभार हाती घेतल्यावर पॅन्टोमाइम अतिशय खर्चिक झाला. शेकडो नट, झगमगते देखावे, नामांकित गायक. अशा वेळी खेड्याने त्याची नक्कल करण्याचा नाद सोडून द्यावा, हेच तर्काला धरून झाले असते. घडले उलटेच. हौशी मंडळांची संख्या वाढत गेली; 1899 साली त्यांचा एक राष्ट्रीय संघही स्थापन झाला. कारण खेड्याने देखावा उचलला नाही, सांगाडा उचलला. दुष्टाने प्रेक्षकांच्या डाव्या हाताने प्रवेश करावयाचा असो वा उजव्या, एवढे निश्चित की तो नेहमी एकाच बाजूने येतो आणि परी दुसऱ्या बाजूने. परी पद्यात बोलते. शेवटच्या प्रवेशाआधी गाण्याचे शब्द लिहिलेला पडदा सोडून सर्व प्रेक्षकांकडून गाणे म्हणवून घेतात, आणि तेवढ्या वेळात आत नटमंडळी समारोपाचे भरजरी कपडे चढवितात. तालमीत संहितेच्या अखेरच्या दोन ओळी कोणी उच्चारीत नाही. त्या पहिल्या प्रयोगासाठीच राखून ठेवतात. शिवाय गाणाऱ्यास गाणे, न गाणाऱ्यास गाईचे मागचे पाय, सुतारास पडदे, शिवणाऱ्या बाईस कपडे, असे कोणालाच रिकामे न ठेवणारे हे नाटक आहे. अनेक मंडळांचा वर्षभराचा खर्चही याच एका खेळाच्या उत्पन्नावर भागतो.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पॅन्टोमाइममध्ये प्रेक्षकालाही भूमिका असते. दुष्ट हलकेच मागे येऊन उभा राहिला की नायक विचारतो, 'कोठे आहे?' आणि सारे सभागृह ओरडते, 'तुझ्या पाठीमागे!' तो म्हणतो, 'नाही'. सभागृह म्हणते, 'आहे!' ही संहिता प्रेक्षकाच्या हाती कोणी देत नाही, शाळेत ती शिकवीत नाहीत. पाच वर्षांचे मूल ती आजीच्या मांडीवर बसून शिकते, आणि पुढे आपल्या नातवाला शिकविते. खेळ वार्षिक असण्याचे मर्म येथे आहे. चार-सहा वर्षे तो बंद पडला तर नट पुन्हा मिळतील, पडदे पुन्हा रंगविता येतील. पण उत्तर देणारा प्रेक्षक मिळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात याचे एक बोलके उदाहरण घडले. राजकन्या एलिझाबेथ आणि मार्गारेट त्या वेळी विंडसरच्या किल्ल्यात राहत होत्या. 1941 ते 1944 या चार नाताळांत त्यांनी तेथे अनुक्रमे 'सिंड्रेला', 'स्लीपिंग ब्यूटी', 'अल्लाउद्दीन' आणि अनेक परीकथांची खिचडी केलेला एक खेळ असे चार पॅन्टोमाइम केले. सूत्रधार होते राजोद्यानातील शाळेचे मुख्याध्यापक ह्यूबर्ट टॅनर. सहकलाकारांत परिसरातील शाळकरी मुले आणि बाँबहल्ल्यांच्या भीतीने शहर सोडून आलेली मुलेही होती. उत्पन्न सैनिकांसाठी विणकामाची लोकर घेण्याच्या निधीला गेले. प्रयोग होत ते वॉटर्लू दालनात. नेपोलियनचा पाडाव करणाऱ्या राजांची, सेनानींची आणि मुत्सद्द्यांची लॉरेन्सने काढलेली चित्रे सुरक्षिततेसाठी हलविल्यामुळे तेथील चौकटी रिकाम्या होत्या. क्लॉड व्हॉटॅम नावाच्या कुमारवयीन विद्यार्थ्याने भिंतीच्या कागदावर परीकथांतील पात्रे रंगवून त्या भरून काढल्या. युद्धानंतर मूळ चित्रे परत आली ती या पात्रांना तशीच मागे झाकून. 2020 साली चित्रे पुन्हा उतरविली तेव्हा ती पुन्हा लोकांसमोर आली. बाहेर युद्ध चालू असता राजकन्येने पोरवयातील अल्लाउद्दीन व्हावे, यात पोरकटपणा नव्हता. दरसाल होते ते यंदाही झाले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ होता.

याच इंग्रजांनी हिंदुस्थानातही हौशी नाटके केली. सिमल्याचे गेटी थिएटर 1887 साली उघडले आणि उन्हाळ्यात तेथे जमणारे अधिकारी रंग लावून उभे राहू लागले. तरुण किप्लिंगही त्यांत होता. परंतु ती परक्या भूमीवरची, आपसातलीच करमणूक होती. ज्या डोंगरावर ती चाले, तेथील माणसाला तीत उत्तर द्यावयाचे स्थान नव्हते. इमारत उरली, खेळणारे गेले.

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. गणेशोत्सवात मुंबई-पुण्याची नामांकित मंडळी बोलावली तर प्रयोग आपल्याहून सरस होणार, याविषयी आमचे दुमत नाही. अशी नाटके अवश्य आणावीत. परंतु तेवढ्यावरच भागविले, तर परप्रांतात वाढणारे आपले मूल मराठीचे केवळ श्रोते राहील. घरात आईवडिलांच्या आज्ञा ऐकण्यापुरती मराठी त्याला येते. चारचौघांत विनोद करण्याची, चिडविण्याची, उलट उत्तर देण्याची मराठी त्याला कोठे मिळावी? ती मिळते तालमीत. दीड महिना रोज संध्याकाळी इतरांच्या चुका ऐकत आणि स्वतःची दोन वाक्ये घोकत ती अंगी मुरते. नाटक बेताचे झाले तरी हा लाभ बुडत नाही.

आपण आज या गावी आहोत, परवा कोठे असू ते सांगता येत नाही. दिग्दर्शक बदलून जाईल, पेटी वाजविणारा निवृत्त होईल. म्हणून नाटक एखाद्या कर्तबगार व्यक्तीचे न ठेवता त्या गावच्या मंडळाच्या अंगवळणी पाडले पाहिजे : दरसाल, ठरल्या दिवसांत, जमतील तेवढ्यांना काम देऊन, आणि शेजारच्या अन्यभाषी घरांनाही पुढच्या रांगेत बसवून. इंग्रज खेडुताने राजधानीची श्रीमंती नाकारून नेमके हेच केले, आणि म्हणून त्याच्या मुलाला दुष्ट कोठे उभा आहे हे आजही ओरडून सांगता येते.