मेंढरू म्हणजे शिवी? केडगावची गोष्ट

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्याकडे कुणाला ‘मेंढरू’ म्हटलं की ती शिवी असते. मान खाली घालून पुढच्याच्या मागे जाणारा. मग ख्रिस्ती माणूस घाबरला की बायबलमधलं तेविसावं स्तोत्र का काढतो? त्यात देव मेंढपाळ आहे. म्हणजे आपण मेंढरंच ना?

याचं उत्तर मला पुस्तकापेक्षा शिरूर-दौंडच्या रानात जास्त सापडतं. पावसाळा संपला की धनगर चाऱ्यामागे फिरतात. रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढ्या बसवतात. लेंडीखत शेताला, मोबदला धनगराला. कळपाभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण. शिरूर भागात ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला लागला, त्यामुळे कुणीतरी जागंच राहतं, हातात काठी आणि बॅटरी घेऊन. मेंढरू भित्रं असतंच, बिबट्याही खराच असतो. पण राखणदार झोपलेला नाही. स्तोत्रातही हेच आहे: पाणी, अंधारी दरी, काठी. दरी नाहीशी झाली असं त्यात कुठेच नाही.

आता दौंड तालुक्यातल्या केडगावला येऊ. साल 1897.

पंडिता रमाबाईंचं शारदा सदन तेव्हा पुण्यात होतं. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग. नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. केडगावला रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन विहिरी खोदल्या होत्या, म्हणून मुली तिकडे नेल्या. तेच पुढे ‘मुक्ती’. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या.

रमाबाईंना ही भीती ऐकून माहीत नव्हती. तरुणपणी दुष्काळातच त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण पाठोपाठ गेले होते. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण उपासमार त्यांनी त्याच्या कितीतरी आधी पाहिली होती.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. भाकरी देणारा हात आणि धर्म सांगणारा हात एकच असेल, तर मुलींना निवड कितपत उरते? पुण्यात हा वाद आधीच पेटला होता. 1893 मध्ये अनेक पालकांनी मुली सदनातून काढून घेतल्या. प्रश्न रास्त आहे, आजही. पण तेवढ्यावरच थांबलो तर त्या विहिरी दिसत नाहीत.

आणि पुस्तकही दिसत नाही. जुनी मराठी भाषांतरं साध्या बाईला जड जातात असं रमाबाईंना वाटायचं. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण या कामात त्यांनी मुद्दाम संस्कृत शब्द टाळले. वर्षानुवर्षं हे चाललं. ऐकू कमी यायचं. जुलै 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालं होतं.

1924 मध्ये ते बायबल बाहेर आलं. छापलं केडगावातच, मुक्तीच्या छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या तिथल्याच मुली आणि बायका होत्या.