गाठ (वनस्पती)

गाठ (स्त्रीलिंगी, अनेकवचन गाठी) हा झाडाच्या खोडावर, फांदीवर किंवा मुळावर होणाऱ्या कठीण, फुगीर वाढीसाठी मराठीत रूढ असलेला शब्द आहे. कारणे व परिणाम सर्वस्वी भिन्न असलेल्या अनेक वाढींना हे एकच नाव आहे.

व्युत्पत्ती

संस्कृत ‘ग्रन्थि’, त्यावरून प्राकृत ‘गंठि’ आणि त्यावरून ‘गाठ’ असा या शब्दाचा प्रवास आहे. मूळ धातूचा अर्थ बांधणे, गुंफणे असा असून ‘ग्रंथ’ हा शब्दही त्याच धातूपासून आला. वनस्पतीकडे झालेला अर्थविस्तार मराठीच्या आधीचा आहे. पिंपळमुळाला संस्कृतात ‘ग्रन्थिक’ म्हणतात. हिंदीतील ‘गाँठ’मध्ये अनुनासिक उच्चार टिकला, मराठीत तो लोपला. जुन्या मराठी पुस्तकांत मात्र ‘गांठ’ असे लेखन आढळते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळला.

अर्थ

सुताराच्या दृष्टीने गाठ म्हणजे खोडात गाडला गेलेला फांदीचा बुंधा. फांदी आधीच वाळलेली असेल, तर फळीतून अशी गाठ निखळते व भोक पडते. खोडाबाहेर येणारा मोठा फुगवटा वेगळा: त्यात सुप्त कळ्या दाटलेल्या व तंतू पिळवटलेले असतात, म्हणून तो रंध्यास दाद देत नाही, पण त्याची नक्षी मोलाची ठरते. कीटक वा कोळीवर्गीय जीवांमुळेही गाठी होतात, उदा. करंजाच्या पानांवरील. बाळगुटीतील मायफळ हे नावाप्रमाणे फळ नसून ओक वृक्षावरील अशीच गाठ आहे.

बारामती व इंदापूर

पुणे जिल्ह्यातील या तालुक्यांत डाळिंब व पेरूच्या बागा असल्याने येथे ‘गाठी’ म्हटले की मुळांवरील गाठींचा विचार आधी करावा लागतो. त्या सूत्रकृमींमुळे (शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘निमॅटोड’) होतात. मुळांचे पाणी व अन्न शोषणे मंदावते आणि झाड पिवळे पडून खुरटते. हरभरा किंवा भुईमुगाच्या मुळांवरील रायझोबियम जिवाणूंच्या गाठींनाही हेच नाव असले, तरी त्या नत्र स्थिर करतात व उपकारक असतात. दोहोंतील फरक हाताने कळतो. रायझोबियमची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, चोळल्यास सुटते आणि कार्यक्षम असल्यास आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ हा मुळाचाच फुगलेला भाग असल्याने मूळ तुटल्याखेरीज निघत नाही. रोपवाटिकेतील रोपांच्या मुळांवर अशा गाठी असल्यास सूत्रकृमी रोपांबरोबरच नव्या बागेत पोहोचतात.