'रडणारी मुलगी' : एका मुद्राचित्राचे कूळ

रॉय लिक्टेनस्टाइन (१९२३–१९९७) ह्या अमेरिकन चित्रकाराचे 'रडणारी मुलगी' हे मुद्राचित्र १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ कॅस्टेली चित्रदालनातील प्रदर्शनाच्या निमित्ताने ऑफसेट पद्धतीने छापले गेले. पिवळेधमक केस, तांबडे ओठ, जाड काळी रेषा, डोळ्यांत दाटलेले अश्रू आणि त्वचेच्या जागी तांबड्या ठिपक्यांची रांगोळी, एवढाच त्याचा संसार. चित्रकथांची ही निव्वळ नक्कल होय, असा आक्षेप पॉप कलेवर प्रारंभापासून घेतला गेला. ह्या चित्राचे कूळ तपासल्याखेरीज त्याचा निवाडा करता येत नाही.

त्याचा पहिला पूर्वज म्हणजे छापखाना. मोजक्या शायांतून अनेक छटांचा भास निर्माण करणारी ठिपक्यांची युक्ती मुद्रक बेंजामिन डे (धाकटा) ह्याने १८७९ मध्ये प्रचारात आणली. स्वस्त चित्रकथांचे रंग तिच्यावरच उभे राहिले. वाचकाच्या नजरेत भरू नये म्हणून जो ठिपका सूक्ष्म ठेवला जाई, तोच लिक्टेनस्टाइनने मोठा करून रसिकासमोर आणला. साधनच येथे आशय झाले.

दुसरे मूळ त्याच्या शिक्षणात आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात हॉइट शर्मन हा त्याचा गुरू काळोख्या दालनात पडद्यावर क्षणभरच प्रतिमा दाखवी आणि ती स्मरणातून रेखाटण्यास सांगे. चित्र तुकड्यांनी न पाहता एकसंध पाहावे, हा त्यामागील हेतू. लिक्टेनस्टाइनच्या रचनेतील काटेकोर ऐक्य ह्या संस्काराशी जुळणारे आहे.

तिसरा धागा जपानपर्यंत पोहोचतो. 'बुडणारी मुलगी' हे त्याचे त्याच वर्षीचे रंगचित्र १९६२ च्या 'सीक्रेट हार्ट्‌स' ह्या प्रणयकथांच्या नियतकालिकातील, टोनी अब्रूझो ह्याने रेखाटलेल्या एका चौकटीवर आधारलेले आहे. मूळ चौकटीतील तरुण त्याने वगळला, नायिकेचे उद्गार बदलले आणि पाण्याला होकुसाईच्या लाटेचे वळण दिले. त्या लाटेचे ऋण त्याने स्वतः सांगितले आहे. होकुसाईची १८३१ च्या सुमाराची ती लाटदेखील सामान्य ग्राहकासाठी लाकडी ठशांवरून छापलेले चित्रच होते. म्हणजे, आज अभिजात मानली जाणारी कलाही एके काळी बाजारातच नांदत होती.

तेव्हा नक्कल हा शब्द येथे अपुरा आहे. निवड, वगळणूक आणि पुनर्रचना हीही निर्मितीच होय. परंतु आक्षेपाचा एक अंश शिल्लक उरतो, आणि तो सौंदर्याचा नसून न्यायाचा आहे. होकुसाईचे ऋण अभिमानाने सांगितले गेले. अब्रूझोचे नाव मात्र संशोधकांना मागाहून शोधून काढावे लागले. त्या व्यवसायात रेखाटणाऱ्याचे नाव बहुधा छापलेच जात नसे, आणि चित्रदालनानेही ती उणीव भरून काढली नाही. छापखान्यातून निघालेली प्रतिमा चित्रकाराच्या हातून पुन्हा छापखान्यात परतली, तेव्हा तिला नवे रूप, नवा रसिक आणि नवी किंमत लाभली. तिच्या पहिल्या कर्त्याचे नाव त्या रूपाशेजारी लिहिणे हे आता समीक्षेचे काम आहे. तसे केल्याने लिक्टेनस्टाइनची थोरवी उणावत नाही.